आधी बरणी हातात घे

४ जानेवारी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण तू म्हणशील, "ऊठ, कपडे मळतील." म्हणून उभ्याउभ्याच.

पाकीट जड बघून घाबरू नकोस. पत्र एवढंच आहे, बाकीची अकरा पानं म्हणजे माझा प्रोग्राम. या रुग्णालयात लागल्यापासून पहिल्यांदा एक अख्खं काम माझ्या एकटीच्या अंगावर पडलंय, आणि ते तुझ्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय मला चैन पडायची नाही. कागदावरच छापलंय. पडद्यावर चूक दडून बसते, कागदावर ती डोळ्यांत भरते, हे तुझं वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. बाहेर पाठवायला साहेबांची परवानगी काढली. तुझं नाव ऐकून ते खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, "मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. जरूर पाठवा. पण मी इथे आहे हे कळवू नका." कळवलं.

काम असं आहे. रुग्णांचे तपासणी अहवाल एका मोठ्या संगणकात कुलपात असतात. त्यांच्या प्रती छापायच्या तर ते कुलूप फक्त त्या एका खात्याला उघडतं, ज्याला संगणकावर काहीही करायची मुभा असते. तू ज्याला थोरली किल्ली म्हणायचीस ते. आता आमच्याकडे काय चालतं, तर थोरल्या किल्लीचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून औषधांच्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवलाय. म्हणजे एक प्रत छापायला आलेल्या सिस्टरनं मनात आणलं तर अख्ख्या रुग्णालयाची पाटी कोरी.

माझा प्रोग्राम ती किल्ली आपल्या कमरेला लावून बसेल. प्रत्येक सिस्टरचा संगणकात आपापला कप्पा आहे. त्यात ती अहवालाच्या नावाची, त्याच्याकडे बोट दाखवणारी पाटी ठेवते आणि ती प्रोग्रामला दाखवते. तो कुलूप उघडून बघतो, की हा अहवाल हिच्याच वॉर्डचा आहे का. असला तर छापतो. किल्ली कुणाच्याच हाती जात नाही.

एक मार्चला नवी इमारत सुरू होतेय. तोवर माझं काम झालं नाही तर तिथल्या कपाटांतही त्याच चिठ्ठ्या चिकटतील. आणि काम झालं पण त्यात भोक राहिलं, तर ते आणखी वाईट. चिठ्ठी निदान दिसते तरी.

तेव्हा दयामाया नको. फोन करत नाही, कारण फोनवर तू "मी ठीक, तू ठीक, ठेव" यापुढे जात नाहीस.

तुझी
भिंगरी


१३ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद शेवटी. आधी बोलणी खा.

तू पहिल्याच ओळीत किल्ली कमरेला लावलीस ती शेवटच्या ओळीपर्यंत मिरवलीस. नव्या सुनेनं जुडगा वाजवत घरभर फिरावं तशी. प्रोग्राम सुरू झाला की आधी किल्ली खाली ठेव. कोण आलंय, काय मागतंय, हे सगळं साध्या माणसाच्या अधिकारात विचार. कुलूप उघडायचं तेवढ्यापुरती उचल आणि काम झालं की टाकून दे. खिशात ठेव म्हणत नाही, टाकून दे म्हणतेय. जे आपल्याजवळ नाहीच ते चोर हिसकावणार कसं?

पान सात. छपाईच्या आज्ञेला तू नुसतं नावानं हाक मारलीस. पूर्ण पत्ता दे. गर्दीत हाक मारली तर "ओ" कोण देईल याचा नेम नसतो. उद्या कुणी आपल्या कप्प्यात त्याच नावाचा भामटा बसवून ठेवला, तर तू किल्लीसकट त्याच्या दारात उभी.

पाटीच्या नावाला तू दोनशे अक्षरांची जागा केलीस. कुणी तीनशे लिहिली तर? उतू गेलेलं कुठे जातं हे दूध तापवणाऱ्या बाईला सांगायला नको. आणि वाईट अक्षरं कोणती ते शोधत बसू नकोस, वाईटाला अंत नाही. चालणारी अक्षरं ठरव, बाकी सगळ्यांना दार बंद.

इथलं म्हणशील तर समोरचं घर भाड्यानं गेलं. एकटेच निवृत्त गृहस्थ आहेत. आयुष्यभर नाटकांची नेपथ्यं लावली. रंगमंचावर अंधार झाला की दिवाणखान्याचा दवाखाना करायचा आणि दिवे यायच्या आत विंगेत पळायचं. कधी प्रॉम्प्टरही व्हायचे. कुंड्यांना पाणी घालू का म्हणाले. मी फाटकातून नळापर्यंत आणि नळापासून कुंड्यांपर्यंत परवानगी दिली आहे. त्यापुढे नाही. घराची किल्ली मी कुणाला देत नाही हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या आईला दिली नाही, ती तर माझी सख्खी बहीण.

सुधारून परत पाठव. साहेबांना म्हणावं, मी त्यांना विसरलेले नाही.

अनेक आशीर्वाद.

मावशी


२१ जानेवारी

ती. मावशी,

बोलणी पोटभर मिळाली, आशीर्वाद वाटीभरच. चालेल.

सगळं सुधारलं. किल्ली आता दोनदाच हातात येते, एकदा अहवाल तपासताना आणि एकदा छापताना. काम झालं की टाकून देते. छपाईला पूर्ण पत्त्यानं बोलावते. अक्षरांची मोजदाद केली आणि भांड्याला काठ केला. नवी पानं सोबत आहेत. तपासणी पान पाचवर, छपाई पान नऊवर. साहेब निरोप ऐकून पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

मावशी, तुझ्या अक्षराला काय झालं गं? तुझं अक्षर म्हणजे मुंगीची पावलं, एका पानात अख्खी महिन्याची खबर मावायची. या वेळी पानावर जेमतेम नऊ ओळी, आणि त्याही डोंगर चढल्यासारख्या. खडूनं लिहिलंस की काय?

आणि हे समोरचे कोण? नाव नाही, गाव नाही, थेट कुंड्यांपाशी! तू तर दूधवाल्यालाही फाटकाबाहेरून किटली द्यायला लावतेस. जरा जपून.

तुझी
भिंगरी


३१ जानेवारी

चि. भिंगरी,

थंडीत बोटं आखडतात, म्हणून अक्षर मोठं. एवढ्यासाठी शाई खर्च करायची गरज नव्हती.

पानं पुष्कळ बरी झाली. पण तुझा प्रोग्राम नकार देताना फार बोलतो. "हा अहवाल तुमच्या वॉर्डचा नाही, तो शस्त्रक्रिया विभागाचा आहे." अगं, कुणी विचारलं होतं? शेजारीण भोचकपणा करते तेव्हा आपण "माहीत नाही" म्हणून दार लावतो ना, तेवढंच कर. काय घडलं ते आतल्या नोंदीत लिही, बाहेर तोंड बंद. आणि मधेच काही बिघडलं, वीज गेली, कागद संपला, तर नकारच द्यायचा. शंका आली की दार बंदच राहिलं पाहिजे.

अजून "पास" देत नाही. पान पाच ऐकताना काहीतरी खटकतं. पान नऊलाही तेच वाटतं. काय ते हाताला लागत नाही. थांब जरा.

स्वयंपाकघरातली फळी मोडायला आली होती. समोरच्यांनी नवी करून देतो म्हटलं. म्हणून त्यांना ओट्यापर्यंत परवानगी दिली, दिवसा, फळी होईपर्यंत. माणूस कामाचा आहे, पण हात स्वस्थ नसतात. मी पाठ वळवली की काहीतरी हललेलं असतं. परवा खुर्ची खिडकीशी नेली. म्हणे, तिथे उजेड चांगला पडतो. टपालही तेच पेटीतून काढून आणतात.

जेवत जा.

मावशी


८ फेब्रुवारी

मावशीच्या समोरच्या घरातले गृहस्थ यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही, आणि हेच या पत्राचं कारण आहे.

माझी मावशी एकटी राहते. मी तिची भाची, लांब गावी नोकरीला. तिनं कधी कुणाला उंबरठ्याच्या आत फिरकू दिलेलं नाही. तिच्या पत्रांतून मात्र मला असं दिसतं, की आपण जानेवारीत फाटकापर्यंत होतात, मग नळापर्यंत, मग ओट्यापर्यंत, आणि आता तिची खुर्ची कुठे असावी आणि तिचं टपाल कुणी काढावं इथवर आला आहात. माझा धंदाच असा आहे, की मला अशा गोष्टी चटकन दिसतात. पहिल्याच दिवशी तिजोरी मागणारा चोर कुणी नसतो. तो आधी प्यायला पाणी मागतो. हे मला तिनंच शिकवलंय.

तिचं अक्षर बदललंय. आणि ती लिहिते, "पान पाच ऐकताना". माझी पानं ती कधीपासून ऐकायला लागली? ती कोण वाचतं? माझं हे पत्र तरी तिला न दाखवता तुम्हीच फाडणार आहात का?

मी उद्धट वाटत असेन तर वाटू दे. मला मावशी एकच आहे.

आपली
तिची भाची


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस (इथे तुझं दुसरं नाव कुणी घेत नाही, राग मानू नकोस),

तुझं पत्र काल सकाळी आलं. पोस्टमननं ते माझ्याकडे न देता तुझ्या मावशींच्याच दाराची घंटा वाजवून दिलं, कारण या वेळी मी तिकडेच असतो हे आता त्यालाही कळलंय. म्हणजे तुझ्या यादीत पोस्टमनचीही नोंद घे.

मला तुझं पत्र आवडलं. माझ्यासाठी असं भांडणारं कुणी असतं तर मी त्याला रोज पत्र लिहिलं असतं.

प्रॉम्प्टरचा पहिला नियम असा, की नटाचं वाक्य नटाच्या आधी बोलायचं नाही. तो मी जानेवारीपासून पाळतोय. पण नट वाक्य विसरला नसून मुद्दाम गिळतोय असं दिसलं, तर विंगेतून ओरडावंच लागतं. तेव्हा ऐक. तुझ्या मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्यानं जवळजवळ दिसत नाही, डाव्यानं धुकं. तुझी पानं त्यांना वाचता येत नाहीत. मी वाचतो. पहिली पानं कुंड्यांपाशी उभा राहून वाचली, आता रोज सकाळी खिडकीशी, म्हणून ती खुर्ची हलली. "कंस सुरू, कंस सुरू, कंस पूर्ण, अर्धविराम." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एकदा "जर" या शब्दापाशी मी जरा थांबून वजन दिलं, तर म्हणाल्या, "अभिनय नको." चाळीस वर्षं नाटकात काढली, असा दिग्दर्शक मिळाला नाही.

शस्त्रक्रियेची तारीख दोनदा मिळाली, दोनदा परत केली. मला सांगतात, "पोरीचं काम अर्धवट आहे, ते आधी." ते खरं आहे, पण अर्धंच. डॉक्टर म्हणाले, पट्टी असेपर्यंत घरात कुणीतरी येतं-जातं हवं, वेळेवर डोळ्यांत थेंब घालायला. यावर त्या म्हणाल्या, "डोळस असताना कुणाला किल्ली दिली नाही, आता पट्टी बांधून देऊ?" आणि तिसरी तारीख घ्यायला गेल्याच नाहीत. डॉक्टर म्हणतात, फार लांबवू नका. मला त्यांची काळजी वाटते. सरळच सांगतो, फार वाटते.

हे तुला कळवलं म्हणून त्यांना सांगू नकोस असं लिहिणार होतो. पण पत्र टाकायला निघालो की त्या विचारणार, कुणाला? आणि मला खोटं बोलता येत नाही. ते काम पडद्यापुढच्यांचं, मी पडद्यामागचा.

जाता जाता, काल घंटा वाजली तेव्हा चहाचा एक विचित्र प्रकार घडला. चूक माझीच असावी. तेव्हापासून त्या सारखं पान पाच वाचायला लावतात. मग पान नऊ. मग परत पान पाच.

तुझा
समोरचा


१५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

हे पत्र मी सांगतेय आणि समोरचे लिहितायत. त्यांनी तुला सगळं कळवलं हे त्यांनी मला कळवलं. फितूर माणूस आहे, पण अक्षर चांगलं आहे. (हे वाक्य मी दोनदा लिहिणार होतो, त्यांनी हटकलं. समोरचा.)

डोळ्यांचं नंतर. आधी काम. तुझ्या प्रोग्रामला भोक आहे. सापडलं.

परवा मी चहा टाकला होता. मला बरण्या दिसत नाहीत, म्हणून बोट बुडवून चाखते. फळीवरची दुसरी बरणी काढली, चाखली, साखर होती. परत जागेवर ठेवली, तेवढ्यात घंटा वाजली. दारात पोस्टमन, तुझं ते खरमरीत पत्र घेऊन. मी दाराशी गेले ती मिनिटभरच. पण एवढा वेळ या माणसाला पुरतो. मी पाठ वळवली म्हणजे याच्या लेखी रंगमंचावर अंधार झाला. नवी फळी तयारच होती. यानं ती ठोकून बसवली आणि बरण्या उंचीप्रमाणे लावून टाकल्या. (लहान पुढे, उंच मागे. प्रेक्षकांना सगळ्या दिसतात. समोरचा.) मी परत आले, दुसरी बरणी उचलली, चहात दोन चमचे घातले आणि घोट घेतला.

मीठ.

समोरचे म्हणाले, "पण तुम्ही तर चाखून बघितलं होतं." मी म्हटलं, हो, चाखलं होतं! आणि तिथेच थांबले. चाखली ती एक बरणी होती, आणि घातली ती दुसरी. मी बरणी चाखली नव्हतीच, मी जागा चाखली होती.

आता तुझं पान पाच. तू सिस्टरची पाटी बघतेस, पाटीमागचा अहवाल उघडतेस, तिच्याच वॉर्डचा आहे याची खात्री करतेस आणि तो मिटून जागेवर ठेवतेस. मग पान नऊवर त्याच पाटीवरून पुन्हा जाऊन, थोरली किल्ली लावून, जे असेल ते छापतेस. मधे तीन पानं आहेत, भिंगरी. संगणकाला ती डोळ्याची पापणी लवेपर्यंतची, पण अंधारात फळी बदलणाऱ्याला तेवढं पुष्कळ. पाटी आहे कुणाच्या कप्प्यात? मागणारीच्या. तुझी खात्री झाली रे झाली, की तिनं पाटी वळवून दुसऱ्याच कुणाच्या अहवालाकडे लावायची. तुझा प्रोग्राम प्रामाणिकपणे मीठ घालणार, तेही सगळ्या किल्ल्यांनिशी.

उपाय सोपा आहे. आधी बरणी हातात घे. अहवाल एकदाच उघड, हातातला सोडू नकोस. हातात असतानाच तो कुठल्या वॉर्डचा ते बघ, आणि हातातलाच छाप. पाटीकडे दुसऱ्यांदा वळून बघायचं नाही. आधी धरायचं, मग तपासायचं, मधे सोडायचं नाही.

तो चहा समोरच्यांनी सगळा प्यायला. म्हणे, शिक्षा आहे.

मावशी

(एक भर. तारखेबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नाही, म्हणून मीही काही लिहिलं नाही. समोरचा.)


२१ फेब्रुवारी

ती. मावशी,

तुझ्यावर इतकी रागावले आहे, की नमस्कारही करत नाही. तुझं पत्र यंत्रांच्या खोलीत वाचलं आणि सगळ्यांसमोर रडले. आधी तुझ्या डोळ्यांसाठी, मग मिठाच्या चहासाठी हसू आलं आणि परत रडले. साहेबांनी रुमाल दिला.

आता कामाचं. साहेबांना जवळ उभं करून मी स्वतः चोर झाले. पाटी सारखी इकडून तिकडे फिरवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि माझ्याच प्रोग्रामला अहवाल मागत राहिले. हजार वेळा नकार मिळाला. मग छपाईयंत्र खडखडलं आणि जो अहवाल माझ्या हाती यायलाच नको, तो आला. साहेबांचाच. रक्ततपासणीचा. मावशी, त्यांची साखर वाढलीय. साहेबांनी कागद घडी घालून खिशात टाकला. म्हणाले, "हे एक मार्चला सुरू झालं असतं तर?"

तू सांगितलंस तसं सुधारलं. दिवसभर चोरी करून बघितली, एकदाही जमली नाही. पानं सोबत आहेत, पण आता माझी अट ऐक. ही पानं समोरच्यांनी तुला वाचून दाखवायची नाहीत. तुझ्या डोळ्यांनी वाचलीस आणि तुझ्या मुंगीच्या पावलांनी "पास" लिहिलंस, तरच प्रोग्राम सुरू होईल. साहेबांनी मान्य केलंय. कपाटांतल्या सगळ्या चिठ्ठ्या मी काल फाडल्या आणि पासवर्ड बदलला. आजपासून इथे आणि एक मार्चपासून नव्या इमारतीत तळमजल्याच्या खिडकीत मी बसणार. सिस्टर येऊन मला नाव सांगतील, मी तपासून प्रत छापून देईन. तुझा "पास" येईपर्यंत तो प्रोग्राम मीच. जेवायची सुट्टी सोडली तर दुसरी नाही.

म्हणून मला तुझ्याकडे येता येत नाही, आणि आले असते तरी तू दार उघडलं असतंस का देव जाणे.

किल्लीचं एक सांगते. पासवर्ड कपाटाला चिकटवणं हा वेडेपणा. पण कुणालाच काही द्यायचं नाही, म्हणून कुलूप लावून आत अंधारात बसायचं, हा शहाणपणा कुठला? या दोन्हींच्या मधे माझी अकरा पानं आहेत. कशासाठी द्यायची, किती वेळ द्यायची, कधी परत घ्यायची. हे सगळं तुझंच आहे गं, मी फक्त टाइप केलं. थेंब घालण्यापुरती परवानगी दे की त्यांना. ज्यानं मिठाचा चहा मुकाट प्यायला तो तुझी तिजोरी फोडणार नाही.

तारीख कळव. तोवर अबोला.

भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरी,

तुझ्या मावशींचा उजवा डोळा काल झाला. डॉक्टर खूश आहेत, पेशंट नाही. डावा पुढच्या आठवड्यात.

मला किल्ली मिळाली. अटी तोंडी सांगितल्या आणि माझ्याकडून तीनदा म्हणून घेतल्या. वापर थेंबांपुरता. मुदत डॉक्टर थेंब बंद करीपर्यंत. शिवाय रोज संध्याकाळी किल्ली परत करायची. सकाळी त्या ती मला खिडकीतून देतात, मी वळसा घालून दाराशी येतो, कुलूप काढतो, आणि आत त्या दाराच्या अलीकडेच उभ्या असतात. मी म्हटलं, मग तुम्हीच कडी काढा की. तर म्हणाल्या, "पद्धत ती पद्धत."

फळीला हात लावलेला नाही.

समोरचा


१२ मार्च

ती. मावशी,

अबोला फक्त एका वाक्यासाठी सोडते. आज एका सिस्टरनं मला "अहो प्रोग्राम" अशी हाक मारली आणि मी "ओ" दिली. लवकर बरी हो.

भिंगरी


२७ मार्च

चि. भिंगरी,

बघ. मुंगीची पावलं. चष्म्याशिवाय.

किती घाण होती गं घरात! कुणी बोललं नाही. दोन दिवस जाळी काढत होते. समोरच्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या असतील असंही वाटलं नव्हतं, पण त्या हसण्याच्या आहेत.

तुझी पानं माझी मी वाचली. तीनदा. पान पाच आणि पान नऊ आता एकच झालं आहे, तसंच हवं होतं. एक शेरा आहे. बरणी हातात धरलीस हे उत्तम केलंस, पण छापून झाल्यावर खाली ठेवायला विसरलीस. शंभर प्रती निघेपर्यंत शंभर बरण्या हातात. तेवढी एक ओळ घाल. ती घातलीस हे गृहीत धरून लिहिते: पास. खाली लाल पेनानं मोठ्या अक्षरातही लिहिलंय, साहेबांना दाखवायला. आता त्या खिडकीतून ऊठ, आणि चार दिवस रजा काढून इकडे ये. दार उघडेन.

तू लिहिलंस ते बरोबर होतं. मला सुरुवातीला राग आला. मग पट्टीच्या आड दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून विचार केला. मी भीत होते. डोळ्यांना नाही, कुणाची तरी सवय होईल याला.

परवा डॉक्टरांनी थेंब बंद केले. संध्याकाळी हे आले, किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "मुदत संपली." (समोरचे म्हणायचं होतं. लिहिलं ते लिहिलं, लाल पेन माझ्याच हातात आहे, खोडत नाही.) मला वाटलं होतं, किल्ली परत आली की हायसं वाटेल. ते दाराशी पोचले तरी वाटेना. मी म्हटलं, असू दे तुमच्याकडे. ते म्हणाले, "कशासाठी? किती दिवस?" माझ्याच तालमीत तयार झालेले. मी किल्ली पुन्हा त्यांच्या हातात ठेवली. भिंगरी, बिनमुदतीची परवानगी मी आयुष्यात पहिल्यांदा दिली.

तू आता विचारशील, मावशी, नीट तपासलंस का? तपासलं. पण तुझ्या जुन्या पान पाचसारखं नाही. आधी हात धरला. मग निवांत, नव्या डोळ्यांनी तपासलं. मधे सोडला नाही.

आशीर्वाद,
मावशी